फुलं मोजण्याची सुट्टी

१८८० साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट कोलोरॅडोच्या डोंगरातल्या गॉथिक नावाच्या गावाला भेट द्यायला आले, तेव्हा त्या गावाचं वय जेमतेम वर्षभर होतं. आदल्याच साली तिथे चांदी सापडली होती आणि माणसांचा लोंढा आला होता. गावामागच्या डोंगराचे सुळके युरोपातल्या गॉथिक चर्चच्या कळसांसारखे दिसत, म्हणून डोंगराला ते नाव पडलं आणि डोंगरावरून गावाला. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २,९०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास पावणेदोन पट. चांदी होती, पण पोट भरेल एवढी नव्हती. लोक आले तसेच काही वर्षांत पांगू लागले आणि १८९३ मध्ये चांदीचे भाव कोसळल्यावर गावाचा कारभारच आटोपला. गारवुड जड नावाचा एकच गृहस्थ हटला नाही. ‘राहिलेला माणूस’ हीच त्याची ओळख झाली. तो १९३० मध्ये वारला. जवळच्या धबधब्याला आजही त्याचं नाव आहे.

मरण्याआधी दोन वर्षं जडला शेजार मिळाला. गनिसनच्या वेस्टर्न स्टेट कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९२८ मध्ये या ओसाड गावात ‘रॉकी माउंटन बायॉलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू केली. लॅबोरेटरी हे नाव ऐकून काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट डोळ्यांसमोर येतात. इथे होत्या खाणकामगारांनी सोडून दिलेल्या लाकडी खोपटी. पण जीवशास्त्राच्या मास्तरांना हवं ते सगळं आसपास होतं. ओढ्याकाठची दलदल, फुलांची कुरणं, अस्पेनची आणि सूचिपर्णी झाडांची रानं, वर उघडे खडक. एका दिवसाच्या चालीत इतकी वेगवेगळी वस्ती पाहायला मिळणं सोपं नाही. विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात इथे आणायचं, पुस्तकातल्या चित्रांऐवजी जिवंत झाडं-प्राणी दाखवायचे आणि कॉलेज उघडायच्या आत परत न्यायचं, अशी ती योजना होती.

ही योजना कॉलेजच्या सुट्टीवर बेतलेली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढच्या शंभर वर्षांत या गावात फुलं आणि त्यांच्यावर येणाऱ्या माश्या-पाखरांबद्दल जे काही कळलं, आणि जे कळायला उशीर झाला, त्या दोन्हींच्या मुळाशी हे वेळापत्रक आहे.

फुलांपाशी तासन्‌तास बसणं हा उद्योग तसा जुना, आणि फारसा प्रतिष्ठेचा कधीच नव्हता. जर्मनीतल्या श्पांडाऊ गावचे शाळामास्तर क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल यांनी १७९३ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ छापला. फुलाचा रंग, त्यावरच्या रेषा, आतला मध हे सगळं कीटकांना बोलावण्यासाठी असतं, असं त्यात पुराव्यांसकट मांडलेलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांची नोकरी सुटली. शाळेपेक्षा रानात जास्त वेळ घालवणाऱ्या मास्तरांविषयी गावाचं मत काय असणार, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत या कामाला चिकाटीचा माणूस मिळाला तो इलिनॉय राज्यातल्या कार्लिनव्हिल या छोट्या गावात. चार्ल्स रॉबर्टसन तिथल्या ब्लॅकबर्न कॉलेजात शिकवत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून वर्षानुवर्षं ते गावाच्या पंचक्रोशीत फिरले आणि कोणत्या फुलावर कोणता कीटक बसतो याची यादी करत राहिले. ४५३ प्रकारच्या फुलांच्या पाहुण्यांची ही यादी त्यांनी पुस्तकरूपाने छापली १९२८ मध्ये, म्हणजे गॉथिकची प्रयोगशाळा सुरू झाली त्याच वर्षी. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. खुद्द कोलोरॅडोत, पाइक्स पीक नावाच्या डोंगरावर, फ्रेडरिक क्लेमेंट्स आणि फ्रान्सिस लाँग यांनी त्याआधीच एक पाऊल पुढे टाकलं होतं. फ्रान्सिस लाँग या विदुषी. नुसतं बघत न बसता त्यांनी फुलांच्या पाकळ्या काढल्या, फुलांचं रूप बदललं, आणि माश्या फसतात की नाही ते पाहिलं. त्यांचं ‘एक्सपेरिमेंटल पॉलिनेशन’ हे पुस्तक १९२३ चं. पर्वतावरच्या उन्हाळ्यात परागीभवनाचे प्रयोग करायची वहिवाट तिथून पडली, असं म्हणायला हरकत नाही.

गॉथिकमध्ये या कामाने जोर धरला तो १९७०च्या दशकात. जीवशास्त्रातली हवाही तेव्हा बदलत होती. कीटक फुलावर बसतो, एवढं सांगून आता कोणाचं समाधान होत नव्हतं. एका फुलातून किती मध मिळतो, तो मिळवायला किती शक्ती खर्च होते, पुढचं फूल निवडताना माशी काय हिशेब करते, असे प्रश्न तरुण संशोधकांना पडू लागले होते. असल्या प्रश्नांना बंबलबी ही माशी अगदी सोयीची. अंगाने जाड, केसाळ, चालीने जरा संथ. पंखांचे स्नायू थरथरवून स्वतःचं शरीर तापवते, त्यामुळे साधी मधमाशी पोळ्याबाहेर पडणार नाही अशा थंडीतही कामाला लागते. डोंगरावर पाहायला याहून चांगला जीव नाही.

डेव्हिड इनूये १९७१ मध्ये इथे पहिल्यांदा आले तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते. त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही संशोधक विद्यार्थ्यांना एक साधी माहिती हवी होती: बंबलबी आणि हमिंगबर्ड यांच्यासाठी कुरणात कोणत्या दिवशी किती फुलं ‘वाढलेली’ असतात? माहिती मिळवायचा मार्गही साधाच. प्रत्येकी दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असे सुमारे तीस चौकोन आखायचे आणि बर्फ वितळल्यापासून दिवसाआड प्रत्येक चौकोनातली उमललेली फुलं मोजायची. जात लिहायची, आकडा लिहायचा, पुढच्या चौकोनाकडे जायचं. हवामान बदलाचा पुरावा गोळा करायचा आहे, असं त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एक-दोन मोसमांच्या कामाला पुरेल एवढी मोजणी करायची होती, इतकंच.

ही मोजणी थांबली नाही. का थांबली नाही, याचं भव्यदिव्य उत्तर शोधायची गरज नाही. चौकोन आखलेलेच होते, माणसं दर उन्हाळ्यात येतच होती, आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी यंदाचा आकडा ताडून पाहायचा मोह कुठल्याही मोजणाऱ्याला होतोच. वाण्याच्या खातेवहीसारखी ती वही एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिली.

या काळात गॉथिकला येणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो, हे जाणण्यासारखं आहे, कारण ‘डोंगरात इंटर्नशिप’ ऐकून मनात उभं राहणारं चित्र बहुतेक वेळा सहलीचं असतं. डोंगरावर दुपारी ढग जमून गडगडाटी पाऊस येतो, म्हणून महत्त्वाचं काम सकाळीच उरकावं लागतं. काही फुलांवर बारीक जाळीच्या पिशव्या बांधायच्या, म्हणजे कीटक आत जाणार नाहीत. ती फुलं बीज धरतात का, ते नंतर पाहायचं. केसाइतक्या बारीक काचनळीने फुलातला मध ओढून किती भरला ते मोजायचं. माशीच्या भूमिकेत जाऊन एका फुलाचे परागकण दुसऱ्यावर लावायचे. बंबलबी जाळ्यात धरायची, कुपीत घालून थोडा वेळ बर्फावर ठेवायची, सुस्तावली की पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि ऊब येऊन उडेपर्यंत वाट पाहायची. आणि उरलेला वेळ एका फुलासमोर घड्याळ लावून बसायचं. पंधरा मिनिटांत एकही माशी आली नाही, तर वहीत शून्य लिहायचं. शून्य हाही आकडा आहे, तो गाळायचा नाही, हे नव्या विद्यार्थ्याच्या गळी उतरवायला थोडा वेळ लागतो.

निकोलस वेझर आणि मेरी प्राइस या दांपत्याने याच कुरणांत नेल्सन्स लार्कस्पर नावाच्या निळ्या फुलावर काम केलं. परागकण किती अंतरावरून आणले की बीज चांगलं धरतं, हा प्रश्न होता. अगदी शेजारचं झाड म्हणजे बहुधा भावकीतलं. फार लांबचं झाड वेगळ्याच मातीला आणि पाण्याला सरावलेलं. दोन्हींपेक्षा मधल्या अंतरावरचं स्थळ उत्तम ठरलं. १९७९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलेला हा निष्कर्ष ऐकून आपल्याकडच्या लग्न जुळवणाऱ्या कुणा आत्याबाईंनी, ‘यात नवल ते काय!’ म्हणून मान हलवली असती. पण झाडांच्या बाबतीत ते दाखवायला हाताने परागकण लावत कुरणात ओणवं व्हावं लागलं होतं.

विल्यम कॅल्डर हमिंगबर्डच्या मागे होते. तीन-चार ग्रॅम वजनाचा हा पक्षी मेक्सिकोत हिवाळा काढून उन्हाळ्यात इथे येतो. १९७६ मध्ये पायात कडं घातलेली एक मादी १९८७ मध्ये पुन्हा हाती लागली, तेव्हा ती किमान बारा वर्षांची होती. एवढासा जीव इतकी वर्षं मेक्सिकोच्या खेपा करत असेल, हे कडं घातल्याशिवाय कोणी मानलं नसतं.

एवढं सगळं होत होतं ते मुख्यतः जून ते ऑगस्टमध्ये. सप्टेंबरात कॉलेजं उघडली की गाव रिकामं. रस्ता बर्फाखाली जातो आणि खालच्या क्रेस्टेड ब्यूट गावातून यायचं तर स्कीवरून यावं लागतं. आठ-नऊ महिने इथे काय घडतं, ते कोणाच्याच वहीत नव्हतं.

कोणाच्याच म्हणणं चुकीचं ठरेल. एकाच्या वहीत होतं. बिली बार हा रटगर्स विद्यापीठाचा विद्यार्थी १९७२ च्या उन्हाळ्यात पाण्याच्या रासायनिक तपासणीच्या कामासाठी इथे आला होता. परागीभवनाशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. त्याला जागा आवडली, माणसांची गर्दी आवडत नव्हती, आणि तो परत येऊन एका जुन्या खोपट्यात हिवाळ्यालाही राहू लागला. जडनंतरचा हा दुसरा ‘राहिलेला माणूस’. करायला फारसं काही नव्हतं, म्हणून तो रोज लिहू लागला: किती बर्फ पडलं, जमिनीवर किती साचलं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान किती, पहिला रॉबिन पक्षी कधी दिसला, शीतनिद्रेतून उठलेला पहिला मार्मोट बर्फातून कधी डोकावला. १९७०च्या दशकापासूनच्या या वह्या त्याच्याकडेच पडून होत्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला शास्त्रज्ञांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं.

इनूये आणि बार यांच्यासह चौघांचा निबंध २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मार्मोट तेवीस वर्षांपूर्वीच्या मानाने ३८ दिवस आधी जागे होत होते. रॉबिन १९८१ च्या तुलनेत १४ दिवस लवकर येत होते. लवकर येऊन त्यांना मिळत काय होतं? बर्फच. खालच्या पट्ट्यात ऊब वाढल्याने पक्षी वर निघत, पण वर बर्फ अजून वितळलेलं नसे.

त्यानंतर फुलांच्या वहीकडेही नव्या नजरेने पाहणं सुरू झालं. इनूयेंनी २००८ मध्ये मांडलेलं एक उदाहरण बोलकं आहे. अस्पेन सनफ्लॉवर हे सूर्यफुलाच्या कुळातलं रानफूल. बर्फ लवकर गेलं की त्याच्या कळ्याही लवकर धरतात. पण जूनमधल्या रात्रींची कडाक्याची थंडी आपल्या ठरल्या वेळी पडतेच, आणि कळ्या करपतात. १९९२ ते १९९८ या वर्षांत सरासरी ३६.१ टक्के कळ्या थंडीने मेल्या. १९९९ ते २००६ मध्ये ७३.९ टक्के. हवा उबदार होते आहे आणि त्यामुळे फुलं गारठून मरताहेत, हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंसुलटं वाटतं. ते पटायचं तर हातात बर्फ वितळल्याची तारीख हवी आणि कळ्यांचा आकडाही हवा.

२०१४ मध्ये पॉल कॅराडोना, एमी आयलर आणि इनूये यांनी ३९ वर्षांची मोजणी एकत्र मांडली. साठ जाती, वीस लाखांहून जास्त फुलं. कुरणाचा बहर एकूण ३५ दिवसांनी लांबला होता. बातम्यांत ‘फुलांचा मोसम महिनाभर वाढला’ एवढंच आलं असेल, तर वाचणाऱ्याला ती खुशखबर वाटली असती. आकड्यांच्या आतली गोष्ट वेगळी होती. प्रत्येक जात आपापल्या परीने सरकली होती: काही आधी उमलू लागल्या, काहींचा भर आधी आला, काहींचा शेवट लांबला. पूर्वी जी फुलं एकाच वेळी कुरणात असत, त्यांची संगत मोडली होती. माशीला त्याच संगतीत जगायचं असतं.

आणि इथे सुट्टीचं वेळापत्रक आडवं येतं. बंबलबीचं पोळं वर्षभर टिकत नाही. थंडीत कामकरी माश्या मरतात, फक्त नव्या राण्या जमिनीखाली तग धरतात. बर्फ वितळू लागलं की राणी एकटीच बाहेर येते, जागा शोधते, अंडी घालते, पहिली पिढी उबवते आणि त्यासाठीचं सगळं अन्न स्वतः आणते. त्या आठवड्यांत ग्लेशियर लिलीसारखी मोजकीच फुलं असतात. राणी उपाशी राहिली तर पोळंच नाही. पुढे जुलैत कुरण ओसंडून वाहिलं तरी त्यावर उतरायला कोणी नाही. विद्यार्थी डोंगरावर पोचतो साधारण जूनमध्ये, तोवर या नाटकाचा पहिला अंक होऊन गेलेला असतो, आणि हा अंक दरवर्षी थोडा आधी सुरू होतो आहे. २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं की ग्लेशियर लिली १९७०च्या दशकाच्या मानाने सुमारे १७ दिवस लवकर उमलते, आणि मेक्सिकोहून येणाऱ्या हमिंगबर्डला तेवढी घाई जमलेली नाही. टोरांटोचे जेम्स थॉमसन याच लिलीवर सतरा वर्षं परागीभवनाचे प्रयोग करत राहिले. मोसमाच्या सुरुवातीला उमलणाऱ्या फुलांना परागकणांची कमतरता भासते, आणि ती वाढत गेली, असं त्यांना दिसलं. सुट्टी लागल्यावर निघणाऱ्याला हे दिसणं कठीण होतं.

आपल्याकडेही हाच घोळ दुसऱ्या तऱ्हेने आहे. कॉलेजची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये, तेव्हा कासचं पठार तापून कोरडं पडलेलं असतं. ते फुलतं ऑगस्ट-सप्टेंबरात, पहिलं सत्र रंगात असताना. महाबळेश्वरच्या मधाला भर देणाऱ्या जांभळाचा बहर नेमका परीक्षेच्या दिवसांत येतो. मधमाश्यांवर काम करणारी केंद्रीय संस्था पुण्यात १९६२ पासून आहे, आणि मध काढणाऱ्यांचं ज्ञान तर पिढ्यान्‌पिढ्यांचं. पण पदवीच्या मुलांनी वर्षानुवर्षं एकाच तुकड्यावर बसून फुलं मोजायची वहिवाट पडायला निदान सुट्टी आणि फुलोरा एका महिन्यात यावा लागतो. गॉथिकला ते नशिबाने मिळालं, निदान जुलैपुरतं तरी.

१९८७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणारी योजना सुरू केली. निवड होते, आठ-दहा आठवड्यांचं विद्यावेतन मिळतं, राहायची सोय होते. त्याआधी अशा उन्हाळ्याला जाणं हे घरची परिस्थिती बरी असलेल्यांचं काम होतं. जुलैभर कुठे तरी नोकरी करून फी भरणाऱ्या मुलाला फुलांसमोर घड्याळ लावून बसणं परवडत नसे. या योजनेने फरक पडला. तरीही निबंधावर नाव येतं ते मुख्य संशोधकाचं. वीस लाख फुलं मोजणाऱ्या हातांपैकी बहुतेकांची नावं शेवटच्या आभाराच्या परिच्छेदात असतात, आणि तो परिच्छेद फार कमी लोक वाचतात. हे अन्यायाचं आहे का? थोडंसं आहे. पण बेरी ब्रोसी आणि हेदर ब्रिग्ज यांचा २०१३ चा प्रयोग पाहिला की त्या हातांचं मोल कळतं. वीस मीटर लांब-रुंद तुकड्यांतून बंबलबीची फक्त एक जात जाळ्याने पकडून बाजूला काढायची, बाकीच्यांना मुभा द्यायची, उरलेल्या माश्यांच्या अंगावरचे परागकण तपासायचे. एक प्रतिस्पर्धी कमी झाल्याने उरलेल्या माश्या एकाच फुलाशी निष्ठा राखेनाशा झाल्या, इकडची फुलं तिकडची फुलं करत फिरल्या, आणि उंच लार्कस्परचं बीज सुमारे एकतृतीयांशाने घटलं. माश्या येत असूनही परागकण चुकीचे पोचत होते. संगणकावरच्या जुन्या अंदाजांनी, एखादी जात गेली तर बाकीच्या सांभाळून घेतील, असं सांगितलं होतं. जाळं घेऊन दिवसभर धावणाऱ्यांनी ते खोडून काढलं.

जुन्या वह्यांकडे परतणारे इतरत्रही आहेत. रॉबर्टसनच्या कार्लिनव्हिलमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन मार्लिन हा विद्यार्थी पुन्हा तीच फुलं पाहत हिंडला. लॉरा बर्कल यांनी २००९-१० मध्ये, मार्लिन यांना सोबत घेऊन, तिसऱ्यांदा तीच वाट धरली. वसंतात फुलणाऱ्या २६ झाडांवर येणाऱ्या १०९ जातींच्या माश्यांपैकी जवळपास अर्ध्या त्यांना दिसल्या नाहीत, आणि माशी-फुलाच्या जुन्या जोड्यांपैकी फक्त २४ टक्के टिकून होत्या. गॉथिकच्या आसपास १९७४ मध्ये बंबलबींची उंचीनुसार नोंद करणारे ग्रॅहम पाइक हे ऑस्ट्रेलियन संशोधक २००७ मध्ये परत आले, त्याच उतारांवर पुन्हा चढले, आणि माश्या पूर्वीपेक्षा वरच्या उंचीवर सरकल्याचं त्यांना दिसलं.

दिवसाआड फुलं मोजायचं काम आता इनूये यांचे चिरंजीव ब्रायन इनूये आणि नोरा अंडरवुड पुढे नेताहेत. दोघेही फ्लोरिडात प्राध्यापक आहेत, म्हणजे त्यांनाही कॉलेजचं वेळापत्रक चुकलेलं नाही. चौकोन जुनेच आहेत, दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद. आकार बदलला तर पन्नास वर्षांच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही. मोजणी मात्र सुट्टी लागायची वाट न पाहता, बर्फ हटेल तेव्हा सुरू करावी लागते.